अटी पूर्ण केल्या जातील; पण कोणाकडून?

इंग्रजी लिहू लागलेले तरुण वकिलाकडे आले म्हणजे त्यांचे काही प्रश्न ठरलेले असतात. अर्जात 'मी कळवितो' असे लिहावे की 'कळविण्यात येते' असे? कर्तरी प्रयोग चांगला की कर्मणी? इंग्रजी शैलीचे मार्गदर्शक ग्रंथ यावर बहुधा एकच उत्तर देतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली छापलेल्या छोटेखानी पुस्तकात कर्तरी प्रयोगाचा पुरस्कार केला. बिहारात मोतीहारीस जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली हाच नियम अधिक कडक करून सांगितला. मात्र त्याच निबंधात त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून कर्मणी वाक्ये उतरली आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

नियमामागील हेतू योग्य आहे. कर्ता गाळला की जबाबदारी गळते. तथापि कर्ता गाळणे सदैव दोषास्पदच असते काय? या प्रश्नाचा विचार करताना मला सुरत जिल्ह्यातील बारडोलीची आठवण होते. तेथील सत्याग्रहाची सुरुवात आणि शेवट या दोहोंशी एकेक कर्मणी वाक्य जोडलेले आहे.

आधी आपल्या भाषांविषयी थोडेसे. मराठीत 'रामाने आंबा खाल्ला' आणि कोंकणीत 'रामान आंबो खालो', हे दोन्ही कर्मणी प्रयोगच होत. परंतु येथे राम लपलेला नाही; तृतीयेचा प्रत्यय अंगावर घेऊन तो वाक्याच्या दारातच उभा आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापासून १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणाऱ्या मोरो केशव दामले यांच्यापर्यंत आपल्या वैयाकरणांनी प्रयोगविचार बारकाईने केला, तो याच वैचित्र्यामुळे. आपल्याकडे कर्ता खरोखर दडतो तो 'जाणे' आणि 'येणे' या क्रियापदांच्या आडोशाला. 'अटी पाळल्या जातील', 'कळविण्यात येते', ही वळणे कचेरीच्या भाषेत विशेष रुळली आहेत.

आता बारडोलीकडे वळू. मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा कायदा १८७९ सालचा. साऱ्याची फेरआकारणी करताना जमिनीच्या किमतीकडे, आणि जमीन शेतीची असल्यास शेतीच्या नफ्याकडे लक्ष दिले जावे, असा त्याच्या १०७ व्या कलमाचा आशय होता. लक्ष कोणी द्यावे, हे त्या वाक्यात नव्हते. प्रत्यक्षात काय झाले? पाहणी अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. सेटलमेंट कमिशनर अँडर्सन यांनी मुख्यतः खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून २९ टक्के सुचविली. सरकारने जुलै १९२७ मध्ये ती सुमारे २२ टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, आमच्या नफ्याचा हिशेब कोणीच केला नाही. कर्त्यावाचून लिहिलेले कर्तव्य अखेर कोणाचेच राहिले नाही.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीत शेतकऱ्यांनी वाढीव सारा न भरण्याचा ठराव केला. वल्लभभाई पटेल यांनी नेतृत्व पत्करले. जप्त्या झाल्या, गुरे नेली गेली, जमिनींचे लिलाव झाले. सरकारच्या कृतीविषयी ही वाक्ये मीही कर्मणीत लिहिली, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. सवय किती खोल रुजते ते यावरून दिसावे.

२३ जुलै १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी विधिमंडळात निर्वाणीच्या अटी घातल्या. नवा सारा भरावा, निदान जुन्या व नव्या दरांतील फरकाची रक्कम शेतकऱ्यांच्या वतीने खजिन्यात जमा व्हावी, आणि चळवळ थांबावी, मगच चौकशी. मुदत चौदा दिवसांची. चौकशीपूर्वी वाढीव सारा भरणे म्हणजे लढाच सोडणे, ही वल्लभभाईंची भूमिका. सरकारलाही माघार घेतल्याचे दिसू द्यावयाचे नव्हते.

ही कोंडी ऑगस्टच्या आरंभी पुण्यात सुटली. सरकारचे अर्थसभासद सर चुनीलाल मेहता यांच्या मध्यस्थीने एका पत्राचा मसुदा ठरला. गव्हर्नरसाहेबांच्या अटी पूर्ण केल्या जातील असे सांगण्यास आम्ही समर्थ आहोत, असा त्याचा मथितार्थ. हे पत्र वल्लभभाईंनी लिहावयाचे नव्हते. त्यावर सह्या विधिमंडळातील सभासदांच्या. अटी कोण पूर्ण करणार, केव्हा आणि कशा, याविषयी पत्रात अवाक्षर नव्हते. महादेवभाई देसाई यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या बारडोलीच्या इंग्रजी इतिहासात ही हकीकत आली आहे. असल्या पत्रावर सरकारचे समाधान कसे होते, याचे वल्लभभाईंनाही नवल वाटले. पण सरकारला शब्द हवा होता आणि शेतकऱ्यांना अर्थ. दोघांनाही आपापले मिळाले.

तडजोड जाहीर झाली. कैदी सुटले, जमिनी परत मिळाल्या आणि शेतकऱ्यांनी जुन्या दराने सारा भरला. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड व महसूलखात्याचे मॅक्सवेल यांची चौकशी समिती बसली. गांधीजींना १९२२ साली शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच हे ब्रूमफील्ड. शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाई यांनी मांडली. समितीने वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. कलमातील लक्ष अखेर दिले गेले; आणि या वेळी ते देणाऱ्यांची नावे सर्वांस ठाऊक होती.

एका वाक्याने लढा जिंकला, असे कोणी म्हणू नये. तो जिंकला बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या चिकाटीने. वाक्याने केले ते इतकेच, की हरलेल्या पक्षाला मान खाली न घालता दारातून बाहेर पडता आले. कायद्यातील कर्मणी वाक्याने दुर्बलाचा हक्क वाऱ्यावर सोडला. पत्रातील कर्मणी वाक्याने प्रबळाची लाज राखली आणि दुर्बलाचे काही हिरावून घेतले नाही. व्याकरण दोन्हीकडे एकच, पण नीती निराळी.

म्हणून तरुणांना मी सांगतो ते असे. कर्मणी प्रयोगास भिऊ नका. मात्र असे वाक्य हाती आले, मग ते नोटिशीत असो, करारात असो वा देवस्थानाच्या ठरावात असो, की कर्ता कोण आणि त्यास कोणी व कोणाच्या हितासाठी लपविले, हे विचारा. ज्याने कर्तव्य करावयाचे, त्याचे नाव लिहा. ज्याची अप्रतिष्ठा टाळावयाची, त्याचे खुशाल गाळा.

पाणिनीने कर्त्याची ओळख त्याच्या स्वातंत्र्यावरून करून दिली आहे. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. पुण्याच्या त्या पत्रात बारडोलीच्या शेतकऱ्याचे नाव कोठेही नव्हते. तरी त्या साऱ्या प्रकरणाचा कर्ता तोच होता.