पँगाँगचा बेत आखताना

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ऑफिसात लडाखची चर्चा सुरू होते. इथे चार महिने रेनकोट अंगावरून उतरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकडे आभाळ बहुधा कोरडे, घाट उघडे. रजा टाकायची, विमानाने लेहला उतरायचे, तिथे बुलेट भाड्याने घ्यायची आणि पँगाँग, त्सो मोरीरी व त्सो कार हे तीन तलाव पाहून यायचे, असा बेत. यंदा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या माणसाकडे असले काम दिले की तो अंतरांचा तक्ता करता करता रस्त्याचीच कुंडली मांडायला बसतो. माझेही तसेच झाले.

कुंडली मांडल्यावर दिसते ते असे, की तलावाकाठचा हा रस्ता निसर्ग पाहण्यासाठी कुणी बांधलेलाच नाही. आधी तो लोकरीचा आणि मिठाचा रस्ता होता, मग सैन्याचा झाला, आणि पर्यटकांचा अगदी काल-परवा.

लोकर म्हणजे पश्मीना. चांगथांगच्या उंच पठारावर चांगपा धनगर ज्या शेळ्या चारतात, त्यांची ही मऊ लोकर लेहमार्गे काश्मीरच्या शालवाल्यांकडे जाई. या व्यापारावर ज्याचा ताबा त्याची चांदी! जम्मूच्या गुलाबसिंहाचा सेनापती जोरावरसिंह याने 1834 मध्ये लडाख घेतले आणि 1841 मध्ये तो तिबेटात घुसला. डिसेंबरच्या बर्फात तो मारला गेला. पाठोपाठ तिबेटी सैन्य लडाखात आले, 1842 मध्ये चुशुलजवळ लढाई झाली आणि त्याच सप्टेंबरात तह झाला. सरहद्द आणि व्यापार दोन्ही जुन्या रिवाजाप्रमाणे राहावेत, असे त्यात ठरले. चुशुल हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मिठाचे सांगायचे तर ते त्सो कारच्या काठावर गोळा होई. चांगपा लोक ते मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली नेत आणि बदल्यात सातू आणत. आमच्या आगरांतले मीठ लमाणांचे बैल घाटावर नेत, त्याचाच हा थंडीतला भाऊ म्हणायचा.

आता बुलेट. मोटारसायकलच्या मागे बसून पैसे मोजण्याची सवय आम्हा गोवेकरांना पायलटांनी लावली, पण डोंगरात बुलेटच का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. रॉयल एन्फील्ड मूळची इंग्लंडची. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी म्हणून 1950 च्या दशकात भारत सरकारने 800 बुलेट मागवल्या. तिथून 1955 मध्ये मद्रासशी भागीदारी झाली आणि गाडी इथेच तयार होऊ लागली. म्हणजे रस्ताही सरहद्दीचा, गाडीही सरहद्दीची. 1960 मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि या डोंगरांत मोटारीचे रस्ते भराभर चढू लागले. लडाख पर्यटकांना खुले झाले ते 1974 मध्ये.

पँगाँग सुमारे 134 किलोमीटर लांब, चौदा हजार फुटांवर. पाणी खारट, तरी हिवाळ्यात गोठते. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे, बाकी चीनच्या ताब्यात. उत्तर काठावरच्या सिरिजाप येथे ऑक्टोबर 1962 मध्ये मेजर धनसिंह थापा आणि त्यांचे गोरखा जवान लढले. थापा गेले असे समजून त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी ते चीनच्या कैदेतून जिवंत परतले! 18 नोव्हेंबरला चुशुलच्या दक्षिणेला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या 13 कुमाऊंच्या कंपनीने शेवटच्या गोळीपर्यंत टक्कर दिली. सुमारे 120 जणांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. बहुतेक हरयाणातले अहीर, सपाटीवर वाढलेले शेतकऱ्यांचे पोर. त्यांचे देह हाती लागले ते 1963 च्या फेब्रुवारीत, कित्येकांची शस्त्रे हातातच होती.

तारखा जरा आपल्या तारखांशेजारी मांडून पाहा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्या विजयाचे श्रेय घेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन फेब्रुवारी 1962 मध्ये उत्तर मुंबईतून मोठ्या मताधिक्याने निवडून आले. वर्ष संपायच्या आत चीनच्या युद्धापायी त्यांना पद सोडावे लागले, आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे आपल्याकडे अजून सांगतात. मुक्तीनंतर पुरते वर्षही झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. आपण 1961 चा धडा पाठ करतो आणि 1962 चे पान उलटतो. खरे तर ती एकाच पुस्तकातली लागोपाठची पाने आहेत.

पँगाँगच्या काठी आता आपल्या ओळखीचे कुणी आहे. 26 डिसेंबर 2024 रोजी सैन्याने तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, तेव्हा आमच्या बेतात या पुतळ्याला पहिला मान मिळाला यात नवल नाही. मलाही तो पाहायचा आहे. पण चुशुलच्या लोकनियुक्त सदस्याने तेव्हा जाहीर प्रश्न विचारला होता की, इथल्या लोकांना विचारले का, आणि इथल्या इतिहासाशी याचा संबंध काय? तो ऐकून काहींना राग आला. मला वाटते, गोव्याच्या माणसाला तरी तो प्रश्न समजायला हवा. आपल्या भूमीवर कुणाची नावे लागली आणि आपल्याला कुणी विचारले, हा हिशेब आपण साडेचारशे वर्षे मांडला आहे. 2020 च्या तणावानंतर चराऊ कुरणे हातची गेल्याची तक्रार तिथले धनगर करतात. महाराजांना मुजरा करावा आणि त्या धनगरांचेही ऐकावे. रयतेच्या राजाला यात वावगे वाटले नसते.

असो. आराखडा मी असा केला आहे. लेहला दोन दिवस पूर्ण विश्रांती, कारण विमान साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर उतरवते आणि शरीराला ते उशिरा कळते. तिसऱ्या दिवशी कारूला टाकी भरून, साडेसतरा हजार फुटांचा चांग ला ओलांडून पँगाँग. बहुतेक जण इथे फोटो काढून दुसऱ्या सकाळी माघारी वळतात. आपण वळायचे नाही. काठाकाठाने मान, मेराक, मग चुशुल आणि रेझांग लाचे स्मारक, हा दिवस कापायचा नाही. पुढे न्योमा, माहे करत त्सो मोरीरी, तिथून त्सो कार आणि तागलांग लावरून लेह.

दोन गोष्टी आधीच सांगतो. मोटारसायकल लेहचीच भाड्याने घ्या. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या तिथल्या संघटना फिरू देत नाहीत, आणि आपल्याकडच्या टॅक्सीवाद पाहिलेल्यांना याचे कारण समजावून सांगायला नको. दुसरे, ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांनी ओसीआय कार्डावर विसंबू नये. सरहद्दीच्या भागात ते परदेशी ठरतात आणि त्यांना वेगळा परवाना लागतो. तेव्हा गटात असे कुणी असेल तर आधी त्याच्या कागदपत्रांचे पाहा, तिकिटे मागाहून काढा.