विश्लेषण: रस्त्यात पडलेला हातमोजा ब्राँझचा का करतात?

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर फोकस्टन नावाचं गाव आहे. तिथे एखाद्या बाकाखाली किंवा कठड्यावर तान्ह्या बाळाचं काहीतरी राहून गेलेलं दिसतं. कुणाच्या तरी बाबागाडीतून पडलं असेल, असं वाटतं. पण उचलायला गेलं तर ते जागचं हलत नाही, कारण ते ब्राँझचं असतं आणि वरून रंगवलेलं असतं.

ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिन यांचं हे काम आहे. नाव ‘बेबी थिंग्ज’. २००८ साली फोकस्टनच्या पहिल्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनासाठी त्यांनी ते केलं. एमिन याच किनाऱ्यावरच्या मार्गेट गावात वाढल्या. या भागात अगदी लहान वयात आई होणाऱ्या मुलींचा विषय या वस्तूंमागे आहे.

सापडलेल्या, टाकून दिलेल्या किंवा रोजच्या वापरातल्या वस्तूची हुबेहूब प्रत ओतायची आणि ती ठरावीक जागीच मांडायची, असा हा प्रकार. तो कसा केला जातो आणि त्यात जागेला एवढं महत्त्व का असतं?

मूळ वस्तूच का ठेवत नाहीत?

सापडलेली वस्तू थेट कलाकृती म्हणून मांडण्याची पद्धत जुनी आहे. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनासाठी बाजारातलं मुतारीचं भांडं पाठवलं, ते ‘फाउंटन’ या नावाने. ते मूळ भांडं पुढे हरवलं. आज संग्रहालयांमध्ये दिसतात त्या नंतरच्या प्रती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा १९६४ साली द्युशाँ यांच्या संमतीने बनवलेल्या.

संग्रहालयाच्या चार भिंतींत ही अवस्था, तर उघड्यावर काय होणार? लोकरीचा मोजा एका पावसाळ्यात कुजेल, नाहीतर सकाळी झाडणारा तो कचऱ्यात टाकेल. प्रत केली की वस्तू तिथे टिकते. शिवाय तिचा अर्थही बदलतो. स्मारकं आणि पुतळे ज्या धातूचे करतात, तोच धातू कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या वस्तूला मिळतो.

प्रत कशी तयार होते?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत मेणाच्या ओतकामाची आहे. ती आपल्याकडेही प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचं वर्णन आहे. आजच्या फाउंड्रीत काम साधारण असं चालतं:

१. वस्तू कडक करणं: कापड, लोकर, कागद मऊ असतात आणि ओलावा शोषतात. म्हणून त्यांना हव्या त्या घडीत ठेवून मेणाने किंवा तशाच लेपाने ताठ करतात.

२. रबरी साचा: वस्तूवर सिलिकॉन रबराचे थर देतात आणि रबराचा आकार बिघडू नये म्हणून बाहेरून प्लास्टरचं कवच बसवतात. पेणच्या गणपती कारखान्यांतही रबरी साचे याच कारणासाठी लागतात. खोलगट जागा आणि वळणं असली तरी रबर वाकतं आणि नक्षी न मोडता सुटतं. लोकरीचा प्रत्येक टाका साच्यात उतरतो.

३. मेणाची प्रत: साच्यात वितळलेलं मेण फिरवून काही मिलिमीटर जाडीची पोकळ प्रत काढतात. भरीव ओतलं तर धातू थंड होताना कमी-जास्त आकसून खड्डे किंवा तडे पडतात. वजन आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

४. धातू ओतणं: मेणाच्या प्रतीला मेणाच्याच नळ्या जोडून तिच्यावर चिकणमातीसारख्या सिरॅमिक द्रावाचे आणि रेतीचे थर देतात. ते वाळल्यावर भट्टीत घातलं की मेण वाहून जातं. उरलेल्या पोकळीत सुमारे १,१०० अंश सेल्सिअसचं ब्राँझ ओततात.

५. सफाई आणि रंग: कवच फोडून नळ्या कापतात, जोड घासून काढतात. मग रसायनं आणि उष्णतेने धातूवर छटा आणतात किंवा सरळ रंग देतात.

थंड होताना ब्राँझ दीड-दोन टक्के आकसतं. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या मोज्याची प्रत जवळपास दोन मिलिमीटरने लहान भरते. मूळ वस्तूशेजारी ठेवल्याशिवाय हा फरक कळत नाही.

वाळलेलं पान, डहाळी, कणीस अशा वस्तूंसाठी आणखी एक वाट आहे. साचा आणि मेण वगळून वस्तूवरच सिरॅमिकचं कवच चढवतात आणि ती भट्टीत जाळून टाकतात. तिच्या जागी धातू येतो. बारकावे उत्तम मिळतात, पण संधी एकच. ओतकाम फसलं तर वस्तूही गेली आणि प्रतही.

जागेवर बसवताना काय पाहतात?

प्रतीच्या तळाशी गज बसवून तो दगडात किंवा काँक्रीटमध्ये पक्का करतात. समुद्राजवळ ब्राँझला साधा लोखंडी स्क्रू लावला तर खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो, म्हणून स्टेनलेस स्टील लागतं. पोकळ भागात पाणी साचू नये यासाठी बारीक छिद्रं ठेवतात. लोक हात लावणार हेही गृहीत धरावं लागतं, कारण सतत स्पर्श होतो तिथला रंग आधी उडतो.

जागा बदलली तर अर्थ बदलतो का?

‘बेबी थिंग्ज’मधला एक हातमोजा लंडनच्या फाउंडलिंग म्युझियमबाहेरच्या कठड्यावर आहे. अठराव्या शतकात तिथल्या अनाथाश्रमात बाळ सोडताना आया खूण म्हणून कापडाचा तुकडा किंवा एखादी छोटी वस्तू ठेवत. पुढेमागे मूल परत न्यायला आलो तर ओळख पटावी, एवढ्यासाठी. फोकस्टनच्या रस्त्यावर जो मोजा हरवलेला वाटला असता, तोच इथे मुद्दाम ठेवलेला वाटतो.

बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या काठावर २००५ पासून लोखंडी जोड्यांचे ६० जोड आहेत. १९४४-४५ मध्ये हंगेरीतल्या अ‍ॅरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना इथे आणलं, जोडे काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. हे जोडे बळींच्या खऱ्या जोड्यांचे ठसे नाहीत, त्या काळच्या धाटणीने घडवलेले आहेत. मूळ वस्तू उरलेलीच नाही. तरी ते नदीच्या कडेलाच असल्यामुळे पाहणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि जागाच गेली तर?

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड वस्तूच्या आतल्या पोकळीचा ठसा घेतात. १९९८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या गच्चीवर असते तशा लाकडी पाण्याच्या टाकीचा ठसा पारदर्शक रेझिनमध्ये ओतला आणि सोहो भागात एका गच्चीवर उभा केला. ‘वॉटर टॉवर’ नंतर त्याच शहरातल्या मोमा या संग्रहालयाकडे गेला.

त्यांच्या ‘हाउस’चं तसं झालं नाही. पूर्व लंडनमधली जुन्या घरांची एक रांग पाडली जात होती. त्यातल्या शेवटच्या घराच्या आत काँक्रीट भरून व्हाइटरीड यांनी बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरला तो खोल्यांचा ठसा. ऑक्टोबर १९९३ मध्ये काम पूर्ण झालं आणि त्याच वर्षी त्यांना टर्नर पारितोषिक मिळालं. पण स्थानिक पालिकेने मुदत वाढवून दिली नाही आणि ११ जानेवारी १९९४ रोजी ते पाडण्यात आलं. टाकीचा ठसा दुसऱ्या गच्चीवर नेता आला, कारण तशा टाक्या शहरभर आहेत. ते घर मात्र त्या एकाच रस्त्यावर होतं. आज तिथे गवत आहे.