खरवड

भाताच्या टोपाच्या तळाला जो कुरकुरीत थर धरतो, त्याला आमच्या अकलोलीच्या घरात खरवड म्हणतात. ती कधी कुणाच्या ताटात वाढली जात नसे. सगळ्यांची जेवणं झाली की आजी उलथन्याने ती सुटी करायची आणि आई, काकू, ती अशा तिघी मिळून खायच्या. मी मागितली की म्हणायची, "तू चांगला भात खा."

मागच्या महिन्यात टीममधला एक मित्र घरी जेवायला येणार होता. तो वीगन, म्हणजे तूप-दहीसुद्धा चालत नाही. मी 'अदस पोलो' करायचं ठरवलं. मसूर, कांदा, मनुका घालून केलेला हा साधा इराणी भात. वाचता वाचता कळलं की तिकडे तळाच्या थराला मोठा मान आहे. त्याला 'तहदीग' म्हणतात : तह म्हणजे तळ, दीग म्हणजे भांडं. तो पाहुण्यांना आधी देतात, आणि शेवटच्या तुकड्यावरून घरात भांडणं होतात.

हा भात आपल्याला तसा परका नाही. 1594च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासचा स्वयंपाकी नूरुल्लाह याने पाककलेचं पुस्तक लिहिलं, त्यात पोलोचे कितीतरी प्रकार आहेत. त्याच दशकात इकडे अबुल फझल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्यात बिनमांसाच्या पदार्थांची वेगळी यादी आहे, आणि त्या यादीत केशर घातलेला गोड पिवळा भात आहे. पुलाव, बदाम, पिस्ता, किसमिस हे शब्द फारसीतून आले. भाताला आपण जो 'दम' देतो, तोही फारसीच. मूळ अर्थ श्वास. असे इतके शब्द मराठीत मुरले आहेत, की माधव जूलियन यांनी 1925मध्ये 'फार्शी-मराठी कोश'च काढला.

पुढे इराणी माणसंही आली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये 1923 साली ब्रिटानिया सुरू झालं. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन यांनी इराणहून बेरी पुलाव आणला. त्यातली आंबट लाल बेरी म्हणजे झरेश्क. पुलाव आला, शब्द आले, बेरी आली. तळाचा थर मात्र आणावा लागला नाही, तो आपल्याकडे होताच. मान तेवढा नव्हता.

माझ्याकडे लांब दाण्याचा तांदूळ नव्हता, घरात वाड्याचा कोलम होता. 2021मध्ये जीआय मिळालेला, शेजारच्या तालुक्यातला. दोन वाट्या तांदूळ मिठाच्या पाण्यात तासभर भिजवले, चार-पाच मिनिटं उकळून चाळणीत ओतले. आजी मागून म्हणाली, "अरे, हा तर वेळलेला भात!" तीही आधी असाच पेज काढून भात करायची. मग घरात कुकर आला. वेळणं गेलं, खरवडही गेली.

टोपात तेल, त्यावर बटाट्याच्या पातळ चकत्या. वर भात, शिजवलेला अर्धी वाटी मसूर, तळलेला कांदा, मनुका, चिमूटभर दालचिनी. झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर चाळीस मिनिटं. फडकं वाफेचं पाणी धरतं, म्हणून भात गच्च होत नाही. टोप परातीत उपडा केला. अर्धा थर आला, अर्धा तळालाच राहिला.

आजीने सवयीने तो मागे सारला. मी म्हटलं, "आजी, इराणात हा आधी वाढतात." मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तिने तो दाताखाली मोडला, थोडा वेळ काही बोलली नाही.

"तळ लागला की सासू मला बोलायची," ती म्हणाली. "आणि मग ते मीच खायचं."

मित्राने दुसरा तुकडा मागितला. आजीने आधी स्वतःला घेतला, मग त्याला दिला.