परसबाग आणि गायरान

खेड्यातल्या कुटुंबांनी आपले अन्न आपण पिकवावे, दारात परसबाग लावावी, असा उपदेश सरकार आणि संस्था दोघेही करतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे स्वयं शिक्षण प्रयोगाने बायांना अर्ध्या-एक एकरात धान्य-भाजीपाला घ्यायला लावले, हे काम मोलाचेच. पण त्यासाठी तो एकर हवा. आमच्या देवणी भागातल्या महारवाड्या-मांगवाड्यांत एका घराची पाठ दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली. दोडक्याचा वेल चढवायचा कशावर? आमच्या परसबागेचा इतिहास गावाबाहेर, गायरानातच शोधावा लागतो.

देवणीचे नाव गोवंशामुळे दूरवर गेले. वानेरा, बालंक्या, शेवरा ही जनावरे चरायला गायरान हवे, हे मान्य. पण ज्याच्या दावणीला जनावरच नाही त्याचा त्या गायरानात वाटा कोणता, हे गावाने कधी विचारले नाही. त्याच्या वाट्याला येसकराची भाकर होती. बाबासाहेबांच्या चळवळीने ती मागून आणायची भाकर सोडायला लावली. मग चुलीवर दुसरी कोणती यायची, हा सवाल उरला.

निजामी १९४८ मध्ये संपली. उदगीरचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होता. सत्ता बदलली, सातबारा बदलला नाही. १९५३ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९५९ मध्ये पुन्हा महाराष्ट्रात, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. माणसे तुरुंगात गेली ती पडीक जमीन कसण्याच्या हक्कासाठी. कोणाचे वावर हिसकायला ती निघाली नव्हती. आपल्या साहित्यात या लढ्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे मला वाटते.

माझ्या आजीचा तुकडा असाच मुरमाड होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या हातांनीच तिने त्यातले दगड वेचले. ज्वारीत तूर, कडेला अंबाडी, दगडांच्या ढिगावर भोपळ्याचा वेल. कृषिखात्याचा माणूस तिथे कधी फिरकला नाही. उभ्या पिकात ढोरे मात्र दोनदा सोडली गेली. ती चुकून आली नव्हती.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. बीडकडे एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने हा प्रश्न गावोगाव लावून धरला. पण पुरावा लागतो कागदाचा: गाव नमुना १-ई मधली नोंद, दंडाची पावती. वीस वर्षे कसणाऱ्याकडे पावती नाही, कारण तलाठ्याने ती फाडलीच नाही! दंड होणे हेही आमच्याकडे भाग्याचे लक्षण ठरले.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितली. त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजूर वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही आहे. नोटिसा देताना पहिला भाग वाचला जातो, दुसरा नाही. आता सौर कृषिवाहिनी योजनेसाठीही गायराने दिली जात आहेत. म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या गावाच्या १-ई ची नक्कल आजच काढावी, आणि ज्यांची नावे तीत नाहीत त्यांच्या पिकांचे पंचनामे सुगीआधी करून घ्यावेत.