कॅलेचा धक्का

इंग्लिश चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) याचे तैलचित्र. आकार सुमारे १७२ × २४० सेंमी. लंडनच्या रॉयल अकादमीत १८०३ मध्ये प्रथम मांडले गेले. समुद्रावर निघालेले फ्रेंच कोळी आणि बंदरात शिरणारी इंग्लिश टपालबोट हा विषय लांबलचक मूळ शीर्षकातच आला आहे.

पार्श्वभूमी : १७९३ पासूनच्या युद्धामुळे इंग्लिश चित्रकारांना फ्रान्सची वाट बंद होती. मार्च १८०२ मध्ये आम्येंचा तह झाला आणि जुलैत टर्नर कॅलेला उतरला. समुद्र खवळलेला होता. किनारा गाठताना होडी बुडता बुडता वाचल्याची नोंद त्याच्या रेखाटनवहीत आहे. पुढे त्याने आल्प्स पाहिले, लूव्हरमधील जुन्या चित्रांवर टिपणे केली. शांतता मात्र टिकली नाही. मे १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पुकारले गेले, तेव्हा हे चित्र अकादमीच्या भिंतीवरच होते.

वर्णन : उजवीकडे लाकडी धक्का, त्यावर माणसांची दाटी. मधोमध माणसांनी खचाखच भरलेली टपालबोट कलंडत आत येते आणि बाहेर पडणारी मासेमारी तारवे तिच्या अगदी जवळून जातात. पुढच्या बाजूस एक होडी धक्क्यापासून सुटू पाहते, पण लाटा तिला मागे रेटतात. त्या होडीतला कोळी धक्क्यावरच्या बाईशी दारूच्या बाटलीवरून भांडतो आहे, असा एक अर्थ लावला जातो.

उजेडाची योजना विशेष अभ्यासण्याजोगी आहे. टर्नरने १७९६ मध्ये मांडलेल्या ‘समुद्रावरील कोळी’ या रात्रीच्या चित्रात चंद्राचा थंड प्रकाश आणि होडीतल्या कंदिलाची ऊब समोरासमोर होती. कॅलेच्या चित्रात काळ्या ढगांना एक फट पडते आणि एका शिडाचा पांढरा तुकडा झळाळतो; भोवतालचे करडे-हिरवे पाणी त्यामुळेच अधिक जड वाटते. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने साधलेला हा संयम थोर आहे.

टीका : पुढचा भाग अपुरा सोडल्याचा आक्षेप कलासंग्राहक सर जॉर्ज बोमंट यांनी घेतला. टर्नरच्या प्रचंड सामर्थ्याची खूण प्रथम या चित्रात दिसते, असे कलासमीक्षक रस्किनने पुढे लिहिले.

मुद्राचित्रे : टॉमस लप्टन याने या चित्रावरून मेझोटिंट करायला घेतले. या तंत्रात खरबरीत केलेला पत्रा छापल्यास पूर्ण काळा उमटतो. तो घासत घासत उजेड काढावा लागतो, म्हणून या चित्राला ते फार साजेसे होते. पण नमुनाछाप हाती आल्यावर टर्नरला तारवे लहान वाटली, ती मोठी करताना पुढचे बदल वाढत गेले आणि पत्रा अपुराच राहिला, असे सांगतात. फ्रान्सिस सीमर हेडन याने १८७४ मध्ये अम्लरेखन केले.

संग्रह : टर्नरच्या मृत्युपत्रानुसार १८५६ पासून नॅशनल गॅलरी, लंडन येथे.