बॅकअप सर्व्हरचा कन्सोल मंदावतो तेव्हा

कार्यालयातील संगणकांवरील माहितीची प्रत रोज रात्री घेऊन ठेवणारा बॅकअप सर्व्हर सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. सर्व्हर रूमच्या एका कोपऱ्यात तो आपले काम निमूटपणे करीत असतो आणि त्याची खबरबात घेण्याची खिडकी म्हणजे त्याचा व्यवस्थापन कन्सोल. काल रात्रीचे काम पुरे झाले का, कोणत्या संगणकाची प्रत घेता आली नाही, जागा किती उरली आहे, हे सारे याच पडद्यावर दिसते. हा कन्सोल उघडायला दोन-तीन मिनिटे लागू लागली, तर ती किरकोळ गैरसोय समजली जाते. रोज उघडला जाणारा कन्सोल मग आठवड्यातून एकदा उघडला जातो आणि पुढे पुढे कोणी तक्रार केली तरच. फसलेल्या बॅकअपची लाल खूण पंधरा-पंधरा दिवस पडद्यावर तशीच राहते. ती पाहणारे कोणी नसते.

न पाहिलेल्या बॅकअपची किंमत किती असू शकते, याचे जगजाहीर उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी माहिती चुकून पुसली गेली. बॅकअपकडे धाव घेतली, तेव्हा नियमित घेतल्या जात असल्याचे मानलेल्या प्रती मुळात तयारच होत नव्हत्या, असे उघड झाले. प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. काम फसल्याची सूचना ई-मेलने पाठवली जात होती, पण ई-मेलच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत अडकून तीही पोहोचत नव्हती. अन्य कारणासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या नोंदींवर थांबले. तेथे दोष कन्सोलच्या गतीचा नव्हता. पण फसलेला बॅकअप कोणाच्याच नजरेस न पडणे, हा धोका तोच.

कन्सोल मंद म्हणजे सर्व्हर मंद, असा समज सर्वत्र आढळतो आणि मग पहिला उपाय म्हणून रॅम वाढवली जाते. बहुतेक वेळा हा प्रकार आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा ठरतो. कन्सोल हा केवळ विचारपूस करणारा प्रोग्रॅम असतो. प्रत्यक्ष बॅकअप घेणारी सर्व्हिस वेगळी असते, कामांचा इतिहास डेटाबेसमध्ये असतो आणि ज्यांची प्रत घ्यायची ते संगणक नेटवर्कवर इतस्ततः असतात. तिकीट खिडकीपुढील रांग सरकत नसेल, तर कारकून संथ असू शकतो. पण तो कोणाच्या तरी दूरध्वनीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसलेला असण्याचीही तेवढीच शक्यता असते. तेव्हा पहिला प्रश्न असा, की कन्सोल काम करतो आहे की वाट पाहतो आहे?

या प्रश्नाचे उत्तर हातातील घड्याळ आणि विंडोजमधील टास्क मॅनेजर यांच्या साह्याने मिळते. कन्सोल सकाळी, दुपारी आणि रात्री उघडून लागणारा वेळ सेकंदांत लिहून ठेवावा. बंद करून लगेच पुन्हा उघडावा आणि तोही वेळ नोंदवावा. विलंब दर वेळी जवळजवळ तितकाच असेल आणि त्या काळात प्रोसेसर व डिस्क स्वस्थ असतील, तर कन्सोल कोणाची तरी वाट पाहत आहे. विलंब महिन्यागणिक वाढत गेला असेल, तर संशय डेटाबेसवर घ्यावा. विलंब ठरावीक वेळीच होत असेल, तर त्या वेळी सर्व्हरवर दुसरे कोणते काम चालते, ते शोधावे.

यांपैकी पहिला प्रकार सर्वांत फसवा. विंडोजवरील अनेक व्यवस्थापन कन्सोल मायक्रोसॉफ्टच्या एमएमसी या सामायिक चौकटीत बसवलेले असतात. या चौकटीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात बसणारे भाग ‘डॉट नेट’ तंत्राने लिहिता येऊ लागले. अशा भागांवर निर्मात्याची डिजिटल सही असते. डॉट नेटच्या जुन्या आवृत्त्या असा भाग उघडताना त्या सहीचे प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, हे तपासू पाहतात. रद्द प्रमाणपत्रांची यादी इंटरनेटवर असते. बॅकअप सर्व्हर मात्र बहुधा इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेला असतो. खंडणीखोर सॉफ्टवेअर प्रथम बॅकअपवरच घाला घालते, हे अनुभवास आल्यापासून तर ही खबरदारी अधिकच कडक झाली आहे, आणि ती योग्यच आहे. परिणामी यादीची मागणी फायरवॉलपाशी जाऊन थांबते. फायरवॉलने स्पष्ट नकार कळवला, तर कन्सोल पुढच्या कामाला लागतो. पण अनेक फायरवॉल नकारही न देता मागणी गिळून टाकतात. मग विंडोज आपली मुदत संपेपर्यंत थांबते. एका पत्त्यासाठी ही मुदत मूळ मांडणीनुसार १५ सेकंदांची आणि एका तपासणीसाठी एकूण २० सेकंदांची असते. कन्सोलमध्ये असे तीन-चार भाग असले, की मिनिट कसे उलटते, हे वेगळे सांगायला नको.

हा प्रकार पकडण्याची युक्ती सोपी आहे. कन्सोल अडकलेला असतानाच कमांडच्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा चालवावी. ज्या जोडणीपुढे ‘सिन सेंट’ अशी स्थिती दिसेल, तिला पलीकडून उत्तर मिळालेले नाही, असे समजावे. शेजारी दिसणारा पत्ता इंटरनेटवरचा असेल, तर प्रमाणपत्राच्या तपासणीचा संशय बळावतो. तो पत्ता कार्यालयातीलच एखाद्या संगणकाचा असेल, तर प्रकरण निराळे आहे. वर्षापूर्वी भंगारात काढलेला संगणक कन्सोलच्या यादीत अद्याप नांदत असतो आणि कन्सोल दर वेळी त्याची विचारपूस करू पाहतो. विंडोजला अशा जोडणीचा नाद सोडून द्यायला साधारण वीस-एकवीस सेकंद लागतात. यादीतून ते नाव काढून टाकणे एवढाच त्यावर उपाय. मात्र त्या संगणकाच्या जुन्या प्रती ठेवायच्या आहेत की नाहीत, हे त्याआधी ठरवावे.

प्रमाणपत्राच्या अडथळ्यावर उत्तम उपाय म्हणजे रद्द प्रमाणपत्रांच्या यादीपुरतीच वाट फायरवॉलमध्ये किंवा प्रॉक्सीमध्ये मोकळी करून देणे. येथे एक चूक हमखास होते. वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये भरलेली प्रॉक्सीची माहिती पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसना आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी ती वेगळी भरावी लागते. वाट मोकळी करणे धोरणात बसत नसेल, तर एमएमसी प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘जनरेट पब्लिशर एव्हिडन्स’ ही सोय बंद करता येते. इंटरनेट ऑप्शन्समधील निर्मात्याच्या प्रमाणपत्राच्या तपासणीची खूण काढून टाकण्याचा सल्लाही बरेच जण देतात. त्याने गुण येतो, पण त्या वापरकर्त्याच्या अन्य प्रोग्रॅमांच्या बाबतीतही ही तपासणी थांबते. एका दारासाठी साऱ्या वाड्याच्या कड्या काढण्यातलाच हा प्रकार. २०१० साली आलेल्या डॉट नेटच्या चौथ्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमचे भाग उघडतानाची ही अडचण दूर झाली. जुने कन्सोल मात्र अनेक कार्यालयांत अद्याप सुखाने नांदत आहेत.

आता डेटाबेसविषयी. अनेक बॅकअप प्रणालींबरोबर एसक्यूएल सर्व्हरची विनामूल्य एक्स्प्रेस आवृत्ती बसवली जाते. २००५ च्या एक्स्प्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला ४ जीबीची मर्यादा होती. २००८ आर-२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती १० जीबी आहे. मेमरीच्या वापरालाही १ जीबीच्या आसपास बांध घातलेला असतो. त्यामुळे सर्व्हरमध्ये ६४ जीबी रॅम असली, तरी या डेटाबेसला तिचा काडीचा उपयोग नसतो. रोज शंभर कामे होत असतील, तर वर्षाला ३६ हजारांहून अधिक कामांचा तपशील साठतो आणि मुख्य पडदा उघडताना त्यातील बराचसा चाळला जातो. इतिहास किती दिवस ठेवायचा, याची मर्यादा बहुतेक प्रणालींत घालता येते. ती घालावी आणि त्यानंतर डेटाबेसची अनुक्रमणिका नव्याने बांधून घ्यावी. इतिहासाची नोंद काढणे आणि बॅकअपची प्रत काढणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पडद्यावरील मजकूर नीट वाचल्याशिवाय कोणतेही बटण दाबू नये.

कन्सोल पहिल्यांदा मंद आणि लगेच दुसऱ्यांदा चपळ, असे आढळले, तर एक्स्प्रेस आवृत्तीतील ‘ऑटो क्लोज’ ही सोय पाहावी. ती चालू असली, तर शेवटचा वापरकर्ता बाहेर पडताच डेटाबेस बंद होतो आणि पुढच्या वेळी नव्याने उघडावा लागतो. ती बंद केल्याने बिघडत काहीच नाही.

ठरावीक वेळच्या मंदपणाची कारणे शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबणे, जुन्या प्रतींची पडताळणी त्याच वेळी चालणे, अँटिव्हायरसने डेटाबेसची फाइल प्रत्येक वेळी तपासणे ही त्यांतील नेहमीची. कोणते फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावेत, याची यादी बॅकअप प्रणालीचे निर्माते देतात. वगळायचे ते त्या यादीपुरतेच.

या साऱ्या खटपटीत दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बॅकअपचे काम चालू असताना वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करू नये. दुसरी गोष्ट कॅटलॉगची. विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये कॅटलॉग पुसण्याची आज्ञा आहे, पण ती कॅटलॉग खराब झाला असेल आणि तो परत मिळवण्याचा अन्य मार्ग उरला नसेल, अशा वेळेसाठी आहे. मंद कन्सोलवर ती चालवणे म्हणजे ग्रंथालयातील गर्दी कमी करण्यासाठी पुस्तकांची सूची जाळून टाकणे होय.

उपाय एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक उपायानंतर घड्याळ लावून वेळ पुन्हा मोजावा, एरवी नेमका कशाने गुण आला, ते कळत नाही. कारण सापडेपर्यंत बॅकअपवरील नजर मात्र हटू देऊ नये. बहुतेक प्रणालींना कन्सोलखेरीज कमांडचा मार्ग असतो. विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये ‘डब्ल्यूबीॲडमिन’ या आज्ञेपुढे ‘गेट व्हर्जन्स’ असे लिहिले, की कोणत्या तारखेच्या प्रती हाताशी आहेत, त्यांची यादी कन्सोल न उघडताच मिळते. रोज सकाळी या यादीतील शेवटची तारीख पाहावी. ती कालची नसेल, तर कन्सोलचे काम बाजूला ठेवून आधी बॅकअप का झाला नाही, ते पाहावे.