ऋतू, मेंढी आणि वाट : दख्खनी मेंढपाळीचा इतिहास

प्रस्तावना

वाराणसीच्या पंचगंगा घाटावरचा दगडी दीपस्तंभ कार्तिक महिन्यात उजळतो. तो अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द १७६७–१७९५) बांधवला, असे मानले जाते. होळकर घराणे मूळचे महाराष्ट्रातील धनगरांचे. मल्हारराव होळकर (जन्म १६९३) लहानपणी खानदेशात मामाकडे मेंढरे राखत. काशीत हे दिवे लागतात, त्याच सुमारास दख्खनच्या पठारावरचे अनेक धनगर दिवाळी आटोपून कळप कोकणाकडे हाकतात. मेंढीचे शरीर बदलत्या ऋतूशी कसे जुळवून घेते आणि ते कमी पडते तिथे माणसाने काय केले, हे या पाठात पाहू.

मेंढीचे शरीर

मेंढीच्या शरीराचे तापमान साधारण ३९ अंश सेल्सिअस असते. बाहेर काहीही असो, ते तिला टिकवावे लागते. उन्हाळ्यात ती धापा टाकून श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. चारा कमी खाते, कारण पोटात चारा आंबतानाही उष्णता निर्माण होते. ऊन आठवडेच्या आठवडे टिकले, तर थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावते आणि शरीरातली उष्णतानिर्मितीच घटते. थंडीत याच्या उलट घडते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भूक वाढते, अंगाला कापरे भरते.

लोकर दोन्ही ऋतूंत कामाला येते. तिच्यात अडकलेली हवा थंडीत ऊब धरून ठेवते आणि उन्हाची झळ त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि बहुधा काळी असते. वर्षातून दोनदा ती कातरतात आणि तिचीच घोंगडी विणतात. ज्या लोकरीने मेंढी ऋतू सोसते, तिनेच मेंढपाळही सोसतो.

वाटेचा इतिहास

या शरीराला एक मर्यादा आहे. लोकर भिजली की तिच्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. सतत चिखलात उभे राहिल्यास खूर सडतात. म्हणून कोकणातला पावसाळा या मेंढीला मानवत नाही. धनगरांच्या वर्षाची मांडणी यावरच उभी राहिली. पावसाळा सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या माळरानावर काढायचा, पठारावरचा चारा सुकू लागला की घाट उतरून भात कापलेल्या खाचरांत जायचे आणि मृगाच्या आत परतायचे. शेतकरी रात्री मेंढरे आपल्या शेतात बसवून घेई. लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य मिळे. म्हणजे मेंढीच्या शरीराची मर्यादा शेतीच्या अर्थव्यवस्थेशी जोडली गेली होती. वाट ही या जनावराच्या जुळवून घेण्याचाच एक भाग होती.

वेळापत्रक मोडते तेव्हा

डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला. उघड्यावर मुक्कामी असलेल्या कळपांतली मेंढरे मोठ्या संख्येने दगावली. कोरडी थंडी मेंढी सोसते; ओली लोकर, वारा आणि रात्र एकत्र आल्यावर शरीर जितकी उष्णता निर्माण करते त्याहून अधिक गमावते. शरीराला नव्या हवामानाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. इथे एका रात्रीत सारे उलटले. कळपच ज्याची पुंजी, त्या कुटुंबाची पिढ्यांची कमाई अशा रात्री जाते.

सारांश

पाळीव जनावराचे ऋतूशी जुळवून घेणे केवळ त्याच्या शरीरात घडत नाही. शरीर, कातरणीचे दिवस, चालण्याची वाट आणि शेतकऱ्याशी असलेला व्यवहार यांतून ते घडते. यातला एक दुवा तुटला की सगळा भार मेंढीच्या अंगावर येतो. ते अंग मात्र जुन्या ऋतुचक्रात घडलेले आहे.

विचारासाठी प्रश्न

१. धनगरांच्या स्थलांतराला ‘भटकंती’ म्हणणे कितपत योग्य आहे?
२. तुमच्या भागातील एखादे पाळीव जनावर ऋतू कसा सोसते, आणि त्यात माणसाचा वाटा किती?